पहिल्या बांगडीचा मान

“थांबा! कायलच्या गालाला कुणी हात लावू नका!”

नवव्या महिन्याच्या बांगड्या भरायला कुंभकोणमच्या त्या अंगणात बायका दाटल्या होत्या आणि थोरली सून पूंगोडी मध्येच आडवी उभी राहिली. धाकटी जाऊ कायलविळी पाटावर, तिचा मास्क सासूने नुकताच ओढून काढलेला... आणि चंदनाची वाटी घेऊन पुढे येत होती सासूची थोरली बहीण अलमेलू, जिला मघाशी विहिरीमागे तोंडात पदर कोंबून खोकताना पूंगोडीने पाहिलं होतं!

ती सासूकडे वळली, “अत्तै, मोठ्या मावशींना ताप आहे! पोटुशीला करोना झाला तर दोन जीव जातात, डॉक्टरीणबाई घसा फोडून सांगत होत्या!”

“मग चंदन काय मास्कला फासायचं?” सासू राजम गरजली. बायका खिदळल्या. “पहिल्या बांगडीचा मान माझ्या थोरल्या बहिणीचाच. तुझी कूस उजवली नाही, म्हणून हिचं सुख बघवत नाही होय गं?”

काळजात सुरी फिरली... पण मावशीची बोटं गालाशी पोचली होती! पूंगोडी किंचाळली, “ताप मला आहे! मला वास येत नाही! हे चंदन मी उगाळलंय!”

वाटी पडली. अंगण रिकामं झालं.

खोटं होतं ते! त्या खोट्यापायी ‘कैदाशीण’ म्हणत तिला परसातल्या हातमागाच्या खोलीत कोंडलं. कायल मात्र माडीवर एकटी, सुखरूप... पूंगोडीला एवढंच हवं होतं.

तिसऱ्या दिवशी मावशी कोसळली. पोटचे मुलगे फिरकले नाहीत. तिलाही त्याच खोलीत लोटलं. पोटुशीच्या पोटावर साऱ्या गावाचा हक्क, आणि कुणी धापा टाकू लागलं की दारं बंद! पूंगोडीनेच तिला पाणी पाजलं, तिचं अंग पुसलं. मरण्याआधी म्हातारी खिडकीतून ओरडली, “राजम... ताप मलाच होता गं! मानापायी लपवला!”

मग पूंगोडीला खरंच वास येईना.

तिला न्यायला रुग्णवाहिका दारात उभी राहिली, तेव्हा कायलची नुकतीच जन्मलेली लेक छातीशी धरून राजम उघड्या तोंडाने धावत आली.

“पोरी, चुकले मी! एकदा घे हिला... तुझीच आहे गं ही!”

“मागे व्हा!” पूंगोडीचा श्वास तुटत होता. “आधी... मास्क लावा, अत्तै!”

राजमने पदराने तोंड आवळलं. सोहळ्यातल्या त्या न भरलेल्या बांगड्या तिने उंबऱ्यावर ठेवल्या आणि ती मागे सरली. पूंगोडीने त्या चढवल्या, हात हलवला. पोटातल्या बाळाने ऐकावी म्हणून असते ती किणकिण... रडणारं बाळ गप्प झालं!

गाडीचं दार लागेपर्यंत ती हात हलवत राहिली. गाडी वळली, बाळाने पुन्हा टाहो फोडला, आणि तोंडावरचा पदर न सोडता राजम त्याच्याआड हंबरडा फोडून रडली.