कडेआईची कपार

ढवळूला परत आणायचं, एवढ्याच कामासाठी ते तिघं उजाडताच पोशेरा गावातून निघाले. पुढे नवशी, ढवळूची थोरली बहीण. तिच्यामागे तिचा दीर लहान्या, आणि शेवटी खांद्यावर दोर नि हातात गॅसबत्ती घेतलेला शरीफ. शरीफचं जव्हारच्या बाजारात बत्त्या आणि स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. ढवळू नि तो दर साली कड्यावरचा मध काढायला जोडीनं जायचे.

ढवळू पावसाळाभर खोकत होता. सरकारी दवाखान्यात छातीचा रोग सांगितला, पुष्कळ दिवस सुया घ्याव्या लागतील म्हणाले. ढवळू सुयांना गेलाच नाही. "तिच्याकडे जाऊन येतो," असं शरीफला सांगून तो कड्याच्या कपारीत शिरला, तो अजून बाहेर आला नव्हता. घरी त्याची बायको सोनी दिवस भरत आलेली.

'ती' म्हणजे कडेआई. नवशीच्या कुळाचा मूळपुरुष जिवा नांगर धरणारा माणूस, पण त्याची बायको कड्यातली होती. तिला मरण नव्हतं. तिनं संसार केला, लेकरं दिली आणि एक दिवस कड्यात परत गेली. म्हणून हे कुळ अर्धं मातीचं, अर्धं कड्याचं. कपार वाट देते ती या कुळालाच. आणि तिच्याकडे जायचं ते उपाशीपोटी, हेही लहानथोरांना ठाऊक. देवाकडे कुणी जेवून जातं का?

नवशी तर नेमाची बाई. उंबऱ्यावर पाणी घालून हात जोडल्याशिवाय ती चूल पेटवायची नाही. भाऊ दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असं तिनं देवापुढं बोलून टाकलं होतं.

कडा सरळ तुटलेला होता. खाली वाघ नदीचं पात्र दोऱ्यासारखं दिसत होतं. दोर झाडाला बांधून तिघं एकामागून एक उतरले. मध्येच लहान्याच्या पायाखालचा धोंडा निसटला! तो लोंबकळला! शरीफनं त्याची बंडी पकडून त्याला कड्यातल्या गुहेच्या तोंडात ओढलं. लहान्या धापा टाकत म्हणाला की बंडी फाटली, आता भाईनंच शिवून द्यायची.

गुहेच्या शेवटी दगडात उभी चीर होती, तीच कपार. नवशीनं दोराचं खालचं टोक कमरेला बांधलं, कडेआईचं नाव घेतलं आणि बाजूनं वळून आत अंग घातलं. दगड गार होता, पण तो सरकल्यासारखा वाटला. ती सहज आत गेली. लहान्या तिच्यामागे जाऊ लागला तर त्याचा खांदाच अडला.

आत अंधार नव्हता. कुठून कोण जाणे, पाण्यातून यावा तसा फिकट उजेड येत होता. छोट्या डोहाकाठी ढवळू बसला होता. अंगानं धड, डोळे मात्र थकलेले.

"बाय, तू कशाला आलीस?" तो म्हणाला. "इथून जाता येत नाही."

नवशी मागं फिरली. चीर मिटत आली होती! जेमतेम हात जाईल एवढीच फट उरली. तिनं नखांनी दगड ओरबाडला. बाहेरून शरीफ आणि लहान्यानं दोर खेचला. दोर तिच्या पोटात रुतला, दगड हलला नाही. ढवळू सांगत होता, तोही असाच झगडला होता. इथं खोकला थांबतो, भूक लागत नाही, झोप येत नाही. नुसतं असायचं. चालून चालून पुन्हा त्याच डोहापाशी यायचं.

नवशीला कळून चुकलं. आपण न मरता इथंच राहणार, आणि वर सगळी एकेक करून मरून जाणार!

तेव्हा पाण्यापलीकडून ती आली. वयानं नवशीहून लहान दिसत होती, पण हनुवटी थेट नवशीच्या बापाची. नवशीनं पदर पसरून तिला विनवलं, आमची वाट सोड.

"मी कुठं धरलीय?" कडेआई म्हणाली. "कडा धरतो. मलाही त्यानंच धरलं."

मग तिनं सांगितलं. जिवाच्या घरी ती त्याच्या ताटातलं खायची, तोवर माणसासारखीच होती. जिवा तापानं फणफणला तेव्हा शेजारणींचं पाहून तिनंही नवऱ्यासाठी उपास धरला. संध्याकाळपर्यंत जमिनीनं तिचे पाय सोडले आणि कड्यानं तिला ओढून घेतलं. एक घास खाल्ला असता तर राहिली असती. आता खाल्लं तर इतक्या वर्षांची एकदम माती होईल.

नवशी फटीकडे धावली. "लहान्या, खायला काय आहे?"

बाहेर पुरचुंडी सोडल्याची खसखस झाली. मग भाकरीचा तुकडा धरलेला हात आत आला. "वहिनी, घरी सांगू नका. नव्या नाचणीची आहे."

नवं धान्य, देवाला दाखवण्याआधी! आणि आज तिचा नेम! तिनं भाकर कपाळाला लावली, मनात क्षमा मागितली आणि घास तोडला. गिळताच पोटात भूक भडकली. दगड करकरला. चीर रुंदावली!

अर्धी भाकर तिनं भावाला दिली. तो ती हातात धरून उभाच.

"बाहेर खोकला परत येईल, बाय."

"येईल. सुया घ्यायच्या."

"इथं मरण नाही."

"इथं सोनी पण नाही."

ढवळूनं घास घेतला आणि लगेच वाकून खोकायला लागला. नवशीनं त्याला चिरीत ढकललं. "ओढा!" शरीफनं हात पकडला, लहान्यानं खांदा. ढवळू सुटला! नवशी त्याच्यामागं घुसली. दगड छातीवर आवळत होता, पदर अडकला, फाटला. ती गुहेच्या जमिनीवर येऊन आदळली.

शरीफला आतलं काहीच दिसलं नव्हतं. त्यानं ढवळूला आपला सदरा घातला आणि एवढंच म्हणाला की उद्याच्या एसटीनं जव्हार, दवाखान्याच्या दारापर्यंत मी सोबत.

मिटत्या फटीतून बाईचा आवाज आला.

"नवशी, सोनीचं मूल दाखवायला आणशील?"

नवशीनं दगडाला हात लावला. तो ओला होता.

"आणीन, आई," ती म्हणाली. "त्याला पाजून आणीन. आणि मी जेवून येईन."