चिंचोका आणि बावीस सेकंद

चिंचोका कपाटासमोर बसला होता. पाठ ताठ, कान उभे, नजर वरच्या खणावर. इतकं शहाण्यासारखं बसलेलं कुत्रं पाहून कुणालाही वाटलं असतं, की यानं नुकतंच काहीतरी फार चांगलं काम केलंय.

त्याच्या मागे चार फुटांवर, पायपुसण्यावर, ताजं ओलं वर्तुळ होतं.

भिंतीवरचा हिरवा दिवा पिवळा झाला.

"सातभाई!" दहा वर्षांची जुई ओरडली. "यानं पुन्हा पायपुसण्यावर शू केली! आणि वर बिस्कीट मागतोय!"

सातभाई म्हणजे घरातला यंत्रमानव. त्याचं खरं नाव 'मदतनीस क्रमांक सात', पण एवढं लांबलचक नाव कोण घेणार? तो चाकांवरून घरंगळत आला आणि पायपुसणं उचलत म्हणाला, "आश्चर्य आहे. मी या श्वानास कोपऱ्यातील गवताच्या ट्रेमध्ये शू केल्याबद्दल आजवर सेहेचाळीस वेळा बिस्कीट दिले आहे. सेहेचाळीस बक्षिसांनंतर कोणीही शिकावे."

"मग हा का शिकत नाही?"

"मला वाटते, तो मठ्ठ आहे."

"मठ्ठ तू!" जुई म्हणाली आणि चिंचोक्याला उचलून घेतलं.

एरवी कुणी म्हणेल, त्यात काय, कुत्र्याला बाहेर फिरवून आणा! पण जुईच्या घराला 'बाहेर' नव्हतं. लोणारच्या विवरापासून थोड्या अंतरावर, काळ्या खडकाच्या माळावर, तीन पांढरे घुमट उभे होते. तीच मंगळ-सराव वसाहत. मंगळावर राहायला गेल्यावर माणसांना काय काय अडचणी येतील, ते इथेच आधी पाहून घ्यायचं होतं. त्यासाठी अकरा माणसं सहा महिने घुमटांच्या आत बंद राहणार होती. हवा तीच, पुन्हा पुन्हा गाळून वापरायची. हवेत नको ते वायू थोडे जरी वाढले, की भिंतीवरचा दिवा पिवळा होई. महिन्यातून एकदाच, दर तिसाव्या दिवशी, मोठं दार अर्धा तास उघडत असे. सामान आत, कचरा बाहेर, की दार बंद.

आज चौदावा दिवस होता.

चिंचोका या वसाहतीतला एकमेव प्राणी. वजन पाच किलो, रंग नावाप्रमाणे, तपकिरी आणि चकचकीत. तो खरं तर जुईच्या आजोबांचा. दहा महिन्यांपूर्वी आजोबा गेले. तेव्हापासून तो जुईच्या आईच्या, डॉक्टर मधुराच्या, पायाशी झोपू लागला. लांबच्या ग्रहावर माणसाला सोबत म्हणून लहानसा प्राणी नेता येईल का, हेही पाहायला हवं, असं आईनं बरीच पत्रं लिहून वरिष्ठांना पटवलं होतं. म्हणून चिंचोका आत आला.

त्या संध्याकाळी वसाहतीच्या प्रमुख, वानखडे मॅडम, आल्या. त्यांनी पायपुसण्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग चिंचोक्याकडे. चिंचोक्यानं शेपूट हलवली.

"शेपूट नको हलवू बाप्पा, मला वाईट वाटते मग," त्या त्याला म्हणाल्या, आणि आईकडे वळल्या. "मधुरा, कुत्रं मलाही आवडते. पण हवा अकरा जणांची आहे. दार उघडायच्या आधीचे पाच दिवस, अगदी दार उघडेपर्यंत, दिवा हिरवा दिसला पाहिजे. एकदाही पिवळा झाला, तर याला बाहेर पाठवावं लागंल."

"अकोल्याला, माझ्या भावाकडे," आई हळूच म्हणाली.

"मामाकडे दोन मांजरं आहेत!" जुई म्हणाली. "आणि ती दोघं मिळून याच्यापेक्षा मोठी आहेत!"

वानखडे मॅडम हसल्या नाहीत. "पंचविसाव्या दिवसापासून मोजू," म्हणाल्या आणि गेल्या.

आईनं दिव्याकडे पाहिलं. मग तिनं दोन खुर्च्या बाजूला सरकवल्या.

"जुई, आपण एक खेळ खेळू. तू या खोलीत एक गोष्ट करायचीस. कुठली, ते मी सांगणार नाही. तू बरोबर केलंस की मी टाळी वाजवीन."

"सोप्पंय!"

जुई फिरू लागली. टेबलाला हात लावला. खिडकीपाशी गेली. नळाला बोट लावलं. खुर्चीत बसली, उठली, एका पायावर उभी राहिली, आणि तेवढ्यात टाळी वाजली.

"एका पायावर उभं राहायचं होतं?"

आईनं 'खेळत राहा' अशी खूण केली. जुई पुन्हा एका पायावर उभी राहिली. टाळी नाही. दोन्ही हात वर केले. टाळी नाही. ती फिरफिर फिरली, आणि शेवटी गादीवर लोळत असताना टाळी वाजली. दहा मिनिटांनी ती वैतागून म्हणाली, "तू मुद्दाम चुकीच्या वेळी टाळ्या वाजवतेस!"

"चुकीच्या नाही. दर वेळी बरोब्बर बावीस सेकंद उशिरा. आता पुन्हा खेळ."

या वेळी जुईनं नळाला हात लावताच टाळी वाजली. पुन्हा लावताच आणखी एक. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

"नळाला हात लावायचा होता!"

"मघाशीही तेच होतं. तू लावलाही होतास."

जुईनं नळाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, "बावीसच का?"

"ते सातभाईला विचार."

वसाहतीत खाण्याची कुठलीही वस्तू वजन केल्याशिवाय कपाटाबाहेर काढायची नाही, असा नियम होता. महिनाभर पुरवायचं होतं ना! आणि सातभाई नियमाचा पक्का. चिंचोक्यानं ट्रेमधल्या, वायू शोषून घेणाऱ्या हिरव्या गवतावर शू केली, की तो कपाटाकडे जाई, बिस्किटाचा तुकडा तोडी, वजनकाट्यावर ठेवी, चुरा काढी, पुन्हा ठेवी आणि मग देई. जुईनं भिंतीवरच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण लावलं आणि घड्याळ धरून बसली. वीस सेकंद. तेवीस. बावीस.

"आता त्या बावीस सेकंदांत चिंचोका काय करतो ते बघ," आई म्हणाली.

चित्रातला चिंचोका ट्रेमधून उडी मारून उतरला. अंग झाडलं. सातभाईच्या मागे पळत गेला. कपाटासमोर बसला. पाठ ताठ, कान उभे. आणि मग बिस्कीट मिळालं.

"अगं आई!" जुई उभीच राहिली. "त्याला वाटतंय बिस्कीट *बसण्याचं* मिळतंय! शूचं नाहीच!"

"एखादी कृती केल्यावर लगेच काही चांगलं घडलं, तर ती कृती पुन्हा करावीशी वाटते," आई म्हणाली. "याला प्रबलन (बक्षिसानं सवय पक्की होणं) म्हणतात. पण कुत्र्याचं मन मागे जाऊन हिशेब जुळवत नाही. बक्षिसाच्या अगदी आधी जे केलं, तेच त्याला बक्षिसाचं कारण वाटतं. एक-दोन सेकंद, बस. बावीस सेकंद म्हणजे त्याच्या दृष्टीनं दुसरीच गोष्ट."

सातभाईचे डोळे दोनदा लुकलुकले. "म्हणजे मी या श्वानास कपाटासमोर बसण्याचे प्रशिक्षण दिले. सेहेचाळीस वेळा."

"आणि तो उत्तम शिकला," आई म्हणाली.

"मग तो मठ्ठ नाही. मठ्ठ कोण, हा प्रश्न मी विचारत नाही."

दुसऱ्या दिवशी कामाला सुरुवात झाली. पायपुसणं धुऊनही वास जात नव्हता. माणसाच्या नाकाला तो गेल्यासारखा वाटे, पण कुत्र्याचं नाक हजारो पटींनी तीक्ष्ण, आणि जिथे जुना वास तिथेच नवी शू, हा त्याचा कायदा. आईनं प्रयोगशाळेतून विकर (वासाच्या कणांचे बारीक तुकडे करणारा पदार्थ) आणलं आणि पायपुसणं व त्याखालची जमीन त्यानं धुतली. उलट, शूनं ओला झालेला एक कागद ट्रेमध्ये ठेवला, म्हणजे 'जागा ही' असं नाकाला कळावं. जुईनं वेळा टिपल्या. लहान कुत्र्याचं मूत्राशय लिंबाएवढं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर थोड्या वेळानं आणि खेळ संपल्यावर त्याला जावंच लागतं. त्या वेळी त्याला ट्रेपाशी न्यायचं. बिस्किटांचे तुकडे सकाळीच वजन करून जुईच्या खिशात.

तरी एक अडचण उरली. चिंचोका शू करत असतानाच तोंडात बिस्कीट घातलं, की तो अर्धवट सोडून खायला लागे.

"मधे एक आवाज हवा," आई म्हणाली. "आवाज म्हणजे वचन. 'हेच बरोबर, आता खाऊ येतोय.' वचन त्याच क्षणी देता येतं, खाऊ दोन सेकंदांनी दिला तरी चालतो."

टाळी वाजवून पाहिली. घुमटात ती इतकी घुमली की चिंचोका पलंगाखाली गेला. सातभाईनं 'पीं' केलं. पण वसाहतीत दार पीं करतं, शेगडी पीं करते, पंप पीं करतो. चिंचोक्यानं मानसुद्धा वळवली नाही. विसावा दिवस आला. दिवा रोज एकदा तरी पिवळा होतच होता.

"छोटा आवाज पाहिजे," जुई गादीवर पालथी पडून म्हणाली. "दर वेळी सारखाच. आणि दुसऱ्या कशाचाच नाही असा. आजोबांच्या—"

ती थांबली.

दुपारी वाचन झालं की आजोबा चष्मा काढत, डबीत ठेवत आणि डबी मिटत. टक्! मग ताटाखाली झाकून ठेवलेला पोळीचा तुकडा चिंचोक्याला. रोज. चिंचोका घरात कुठेही असला तरी त्या आवाजाला धावत येई.

वसाहतीत येताना प्रत्येकाला एकच किलो खासगी सामान आणता आलं होतं. आईच्या खणात काय आहे, ते जुईला माहीत होतं. आईला माहीत होतं, की जुईला माहीत आहे.

आई उठली. खण उघडला. काळ्या डबीतून तिनं चष्मा काढला, रुमालात गुंडाळला आणि परत खणात ठेवला. डबी आणून जुईच्या हातात दिली.

"मिट," ती म्हणाली.

टक्!

पलीकडच्या खोलीतून नखांचा खडखडाट आला. चिंचोका दारात घसरलाच. तो थेट आईच्या खुर्चीकडे गेला. खुर्चीमागे पाहिलं. खुर्चीखाली पाहिलं. पुन्हा मागे गेला.

"आई, तो शोधतोय."

"हो." आईनं जुईच्या खिशाकडे बोट दाखवलं. "खाऊ दे त्याला. आवाज झाला की खाऊ मिळालाच पाहिजे. दोन गोष्टी नेहमी एकापाठोपाठ घडल्या, की मनात त्यांची जोडी जमते. याला अभिसंधान (एका गोष्टीवरून दुसरीची चाहूल लागणं) म्हणतात. नुसतं टक् करत राहिलं आणि खाऊ दिलाच नाही, तर हळूहळू जोडी तुटते. मग तो आवाज म्हणजे नुसता आवाज."

"आजोबांनी कधी तुटू दिली नाही."

"नाही," आई म्हणाली. "कधीच नाही."

एकविसाव्या दिवशी चिंचोक्यानं ट्रेमध्ये शू केली. संपता क्षणी टक्, आणि दोन सेकंदांत बिस्कीट. तो चकित झाला. परत ट्रेकडे पाहिलं. बाविसाव्या दिवशी तो तीनदा ट्रेपर्यंत आला, एकदा चुकला. जुई रागावली नाही. चुकीवर ओरडलं तर कुत्रं लपून शू करायला शिकतं, असं आईनं बजावलं होतं. चोविसाव्या दिवशी तो कपाटासमोर जाऊन बसला, थोडा वेळ वाट पाहिली, आणि मग आपणहून उठून ट्रेमध्ये गेला.

"गणित सुटले त्याचे!" सातभाई म्हणाला. यंत्रमानवाचा आवाज चढत नाही, पण त्या दिवशी थोडा चढला.

पंचवीस, सव्वीस, सत्तावीस. हिरवा. अठ्ठावीस. हिरवा. एकोणतीस. हिरवा.

तिसाव्या दिवशी अकराच्या अकरा जण मोठ्या घुमटात जमले. दार बाराला उघडायचं होतं. एका बाजूला चिंचोक्याची जाळीची पेटी तयार ठेवलेली. जुई तिच्याकडे पाहत नव्हती. बाराला पाच मिनिटं असताना दाराच्या झडपांतून 'फुस्स' असा मोठा आवाज आला. चिंचोका दचकला. शेपूट आत गेली. तो सरळ मोठ्या घुमटातल्या नव्याकोऱ्या पायपुसण्यावर जाऊन उभा राहिला आणि हुंगू लागला.

जुईनं खिसे चाचपले. डबी नव्हती! बिस्किटं होती, डबी नव्हती. तिला हाक मारायची होती, पण घाबरलेल्या कुत्र्याला हाक मारली तर ते तिथेच शू करील, हेही तिला माहीत होतं. ती ओठ आवळून उभी राहिली.

चिंचोक्यानं एक गोल फेरी घेतली. थांबला. नाक वर केलं. मग पायपुसण्यावरून उतरला, वानखडे मॅडमच्या बुटांमधून वाट काढली, पेटीला वळसा घातला आणि लांबच्या कोपऱ्यात आणून ठेवलेल्या आपल्या ट्रेमध्ये चढला. अकरा माणसांसमोर, बिलकूल न लाजता, त्यानं शू केली.

टक्!

डबी आईच्या हातात होती.

जुई धावली आणि त्याला एक नाही, दोन तुकडे दिले. लोक टाळ्या वाजवणार, तोच वानखडे मॅडमनी हात वर केला. "टाळ्या नको! भिते ते!" मग दहा माणसं नुसतेच हात हवेत हलवू लागली, आवाज न करता. सातभाईनंही दोन्ही लोखंडी हात हलवले. दिवा हिरवा होता.

"ही पेटी कोणाची आहे? रस्त्यात ठेवली काहून?" वानखडे मॅडम म्हणाल्या. "न्या, कचऱ्यासंगं बाहेर." मग त्या वाकल्या आणि चिंचोक्याला म्हणाल्या, "आता हलव शेपूट."

संध्याकाळी जुईनं विचारलं, "आई, मंगळावर टक् असंच ऐकू येईल?"

"घुमटाच्या आत असंच. आतली हवा आपल्यासारखीच असणार ना. बाहेर हवा अगदी विरळ, तिथे आवाज क्षीण होईल."

"मग आपण आतच वाजवू."

आईनं मान डोलावली. डबी तिनं खणात ठेवली नाही. कोटाच्या खिशात टाकली, बिस्किटांशेजारी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चिंचोका जागा व्हायच्या आत ट्रेपाशी जाऊन बसली.