राहिलेली तिसरी हाक

ही गोष्ट खरी आहे. हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. सुधाकाकी अजून आहेत, त्यांना विचारा.

१९६१ चा नोव्हेंबर. दक्षिण जर्मनीतलं आयझेनआउ. एका बाजूला डोंगर, दुसरीकडे नदी, मधल्या चिंचोळ्या पट्टीत रूळ. आधी तिथे बारा शेतघरं होती. तीन रेल्वेमार्ग येऊन मिळाले आणि त्या घरांचं गाव झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या एप्रिलमध्ये स्टेशनावर बॉम्ब पडले. पाच नंबरच्या लाइनीवर डबे जोडणारी माणसं होती. त्यातली काही सापडलीच नाहीत.

आमचे श्यामकांतकाका तेव्हा स्टुटगार्टला इंजिनिअरिंग शिकत होते. प्राक्टिकुमसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी, ते या स्टेशनाच्या यार्डात आले. राहायला ऑटोच्या घरी. ऑटो डबे जोडायचा. त्याने काकांना पोटच्या पोरासारखं सांभाळलं.

काकांचं काम सोपं. गळ्यात शिट्टी. ऑटोची हाक आली की फुंकायची, इंजिन थांबतं.

"आल्झो... तर मग श्याम, पहिल्याच हाकेला. विचार करायचा नाही," ऑटो बजावायचा.

पण काका पडले कोकणातले. तिन्हीसांजेला कुणी हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही, दोनच हाका मारतं ते भूत, हे आईने पाजलेलं बाळकडू.

त्या दिवशी चारलाच अंधारून आलं. नदीवरून धुकं चढलं. पाच नंबरवर इंजिन डबे मागे ढकलत होतं. ऑटो दहा पावलांवर, रुळाबाहेर उभा होता. मग धुक्यात दिसेनासा झाला.

आणि...

"श्याम."

आवाज ऑटोचाच. पण अगदी कानाशी.

काकांच्या अंगावर काटा आला. शिट्टी ओठांत होती, पण फुंकवेना.

..."श्याम."

दुसरी. काका तिसरीची वाट पाहत राहिले.

तिसरी आलीच नाही.

लोखंडावर लोखंड आदळलं.

ऑटो दोन डब्यांच्या बफरांच्या, टोकाच्या लोखंडी दट्ट्यांच्या, मध्ये उभा होता. छाती वीतभर उरली होती. तोंडातून रक्त येत होतं. तरी जिवंत होता. डबे दूर केले की तो जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. त्यालाही.

"डबे थांबायच्या आधी मी कधीच आत जात नाही," तो म्हणाला. "पण तू आतून हाक मारलीस ना. दोनदा."

काकांनी हाक मारलीच नव्हती.

मग डबे दूर केले.

पुढे काका स्टुटगार्टजवळच्या झिंडेलफिंगेनला नोकरीला लागले. सुधाकाकींशी लग्न झालं. शिट्टी मात्र कायम खिशात. काकींना म्हणायचे, "मी तेव्हा फुंकली असती तर तो वाचला असता. तिसरी राहिलीये. आली की लगेच ओ देईन."

१९६९. पुन्हा नोव्हेंबर. रविवारची दुपार. काकी पोळ्या लाटत होत्या.

बाहेरच्या खोलीतून काकांचा आवाज...

"ओ."

"अहो, मी कुठे हाक मारली?"

मग शिट्टी... लांबलचक, दम संपेपर्यंत.

आणि लोखंडावर लोखंड.

त्या घराच्या आसपास रूळ नाहीत.

काका खुर्चीत होते. घराचं दार आतून बंद. बरगड्या पुढून आणि मागून, दोन्हीकडून चुरडलेल्या. डॉक्टरने कारणाच्या जागी काय लिहिलं, ते काकींनी कधी वाचलं नाही.

चेहरा शांत होता म्हणे. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

ती शिट्टी आता माझ्याकडे आहे. टाकून द्यावी, असं रोज वाटतं. पण हात धजत नाही.

उद्या कुणी हाक मारली तर?