शमशादचा खटका

चिखलात रुतलेला तो गडी दिसला, तेव्हा शमशाद गाडीवरून उतरलीसुद्धा नाही. हँडलवर कोपरं टेकून तिनं निवांत बघून घेतलं. जयसिंगपूरजवळची उसातली पाणंद, पाटाचं पाणी फुटून झालेला राडा, आणि त्यात निम्मी बुडालेली मोटारसायकल.

“पावणं, गाडी पेरायला आणलीसा व्हय?”

त्यानं वर बघितलं. नाकावर चिखल, पण डोळे हसरे... इतके हसरे की शमशादच्या काळजात उगाच काहीतरी लकाकलं.

“खड्डा आला, मी मागं फेकलो गेलो... आन् गाडी आपणहून उधळली की!”

“आपणहून कशी उधळंल? हात मुठीला चिकटलेला. तुम्ही मागं गेलासा तशी मूठ पिळली. भ्यालेल्या माणसाला आणखी पळवती ती मूठ.”

“आन् तुमची?”

तिनं उजवा हात बाजूला केला. तिच्या गाडीची मूठ फिरतच नव्हती. मुठीखाली औषध फवारायच्या पंपाचा एक खटका बसवलेला. अंगठ्यानं दाबला की वेग, सोडला की गाडी गप.

“ही तर सायकलची घंटी!” तो खो-खो हसला.

“वाजत न्हाय, पण फुडं जातंय.” एवढं बोलून ती राड्याच्या कडेकडेनं पार पलीकडे गेली, आणि मग मागं वळून तिनं दोर फेकला. गडी हसत हसतच ओढला गेला.

तो अल्लाउद्दीन. जयसिंगपूरच्या बागवानांचा, केळीचा व्यापार. आणि ही शहरातल्या राजारामपुरीत गाड्या दुरुस्त करणाऱ्या मौलाली मिस्त्रींची लेक. लहानपणी चिंचेवरून पडली, मनगट मोडलं, आणि हाड बसवणाऱ्यानं ते असं बसवलं की पुन्हा फिरलंच नाही. ओलं कापड पिळता येईना, गाडीची मूठ तर लांबच. “आता गाडीचं नाव काढू नगंस,” आईची बहीण, तिची खाला, म्हणाली. शमशादनं नाव नाही काढलं, फिरती मूठच काढून टाकली. हाय का न्हाय?

तर मग काय, अल्लाउद्दीनची गाडी दर आठवड्याला बिघडायला लागली. जयसिंगपुरात काय मिस्त्री मेले होते? पण हा आपला थेट लांब राजारामपुरीत हजर.

“मूठ पिळली की गाडी कशी अंगात येती...” तो म्हणायचा.

“भूत येतंय अंगात.”

“दिवसभर दाबून अंगठा दुखत नसंल?”

“दुखतोय की. दुखणारं माझं हाय, तुम्हाला काय?”

“मला...?” तो पान्याकडं बघत बसायचा. “मलाबी दुखतंय जरा.”

शमशादच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. ती इंजिनात डोकं घालायची. मौलाली दुसरीकडं तोंड करून बिडी ओढायचे.

आणि मग एक दिवस अल्लाउद्दीन आला तो मान खाली घालून. गाडी बिघडली नव्हती.

“अम्मा लग्नाला तयार हाय. फक्त... लगीन हुईस्तवर खटका काढ म्हणती. लांब बाह्या घाल. पावण्यारावळ्यांत हात दिसाय नको. थोड्या दिवसांचा प्रश्न हाय, शमशाद...”

“आन् तुम्ही काय म्हटलासा?”

तो गाडीच्या किल्लीशी चाळा करत राहिला.

शमशादच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच तिला संताप आला. ज्या हातानं याला चिखलातून ओढला, तो लपवायचा? आवडत होता तो तिला, जीव जाईल इतका आवडत होता. पण म्हणून स्वतःचा हात झाकून दुसऱ्याच्या घरात शिरायचं? हॅट!

“घरी जावा,” ती म्हणाली. “शुक्रवारी येतोय आमी. पोरगा बघाय.”

त्याला वाटलं, रागानं बोलली. पण शुक्रवारी दुपारी बागवानांच्या दारात टकटकत मोटारसायकल येऊन थांबली. कोपरापर्यंत दुमडलेली बाही, अंगभर धुरळा, आणि मागं मौलाली मिस्त्री टोपी सावरत बसलेले. गल्लीतल्या बायका दारात आल्या, पोरं भिंतीवर चढली.

शमशाद ओसरीवर अल्लाउद्दीनच्या अम्मासमोर, ताजबीसमोर बसली आणि उजवा हात पुढं धरला. “अम्मा, ह्यो हात. मनगट फिरत न्हाय. भाकरी वाकडी हुती. हातबी ऱ्हाणार आन् खटकाबी ऱ्हाणार. आता तुमचं पोरगं दावा.”

“बघितलासा, मिस्त्री?” ताजबी कडाडली. “पोरीला काय वळण?”

“वळण मस्त घेती,” मौलाली म्हणाले. “सांगलीच्या रस्त्यावर बघा एकदा.”

अल्लाउद्दीन दारात उभा. शमशादनं त्याला नखशिखांत न्याहाळलं.

“नाव?”

“अ... अल्लाउद्दीन.”

“सैपाक येतोय?”

“च्या... येतोय.”

“जरा चालून दावा. पायात खोट न्हाय न्हवं?”

गल्ली फिस्सकन हसली. ताजबी उठून उभी राहिली. “खबरदार अल्लाउद्दीन! चाललास तर बघ.”

शमशाद वरून हसत होती, पण नजर त्याच्या पायांवर होती. आता हा पुन्हा गप्प बसला, तर सगळं इथंच संपलं...

अल्लाउद्दीननं चपला काढल्या. ओसरी उतरला. सगळ्या गल्लीदेखत, एखाद्या नव्या नवरीसारखा मान खाली घालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला.

“खोट हाय,” तो मोठ्यानं म्हणाला. “त्या दिवशी बोलायचं तवा तोंड उघडलं न्हाय. अम्मा, मला हीच पायजे. हातासकट. खटक्यासकट.”

ताजबी त्याच्याकडं बघत राहिली, मग तरातरा आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला. आणि आतूनच तिचा कडक आवाज:

“च्या टाकलाय! पोरगा बघाय आलेल्यांना तसंच धाडत न्हाईत आमच्यात.”

अल्लाउद्दीन शमशादजवळ सरकला. “मग... पसंत?”

“घरी जाऊन कळवतो आमी,” शमशाद म्हणाली.

त्याचा चेहरा असा पडला की तिला राहवेना.

“च्या पिऊन घ्या,” ती हळूच म्हणाली, “आन् बसा गाडीवर माझ्या मागं. अब्बा येष्टीनं येतील. वाटंत सांगते.”