उशीच्या अभ्र्यातलं कोकरू

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, हे बानाबाईच्या घरात भर दुपारी घडलंय. आणि बानाबाई थापा मारणाऱ्यांतली नाही. अंगात आलेल्या बाईलाही "चहा घेती का?" असं विचारणारी बाई ती.

साल १९९४, जानेवारी. विद्यापीठाचं नामांतर जाहीर होऊन एकच दिवस झाला होता. औरंगाबादेत जागोजाग पोलीस, रस्त्यावर बस नाही. तिचा नवरा बिरू चिकलठाण्याला कामावर अडकलेला. बजाजनगरच्या दोन खोल्यांत ती, सासू म्हाळसाबाई आणि आठ महिन्यांचा आप्पा. आजोबांचं नाव ठेवलं म्हणून झोळीतल्या पोरालाही सगळी गल्ली "अहो आप्पा" म्हणायची.

आप्पाच्या अंगावर पुरळ उठलं होतं. डॉक्टर म्हणाले, मऊ खेळण्यांत धूळ बसते, ती आधी धुवा.

बानाबाईनं लगेच पदर खोचला. पाच वर्षांपूर्वी तिची पहिली मुलगी आवडा डांग्या खोकल्यानं गेली होती. दहा महिन्यांची. याला काही होऊ द्यायचं नव्हतं.

घरात कपडे धुण्याचं मशीन होतं. बिरूच्या साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी जाताना दिलेलं. खेळणी तीन. अस्वल, ससा आणि सासूनं लोकर भरून शिवलेलं कापडी कोकरू. तिनं एकेकाचे डोळे ओढून पाहिले, शिवणी तपासल्या. सैल बटण पोराच्या घशात जायला नको.

"त्ये कोकरू पाण्यात घालू नगं," सासू म्हणाली.

"का वो, आत्याबाई?"

"नगं म्हनलं नं."

आणि म्हातारी शेजारच्या साळूबाईकडे निघून गेली.

बानाबाई मेंढरांच्या घरात वाढलेली. तिला वाटलं, समजलं. लोकर गरम पाण्यात आटते, घोंगडीसारखी घट्ट होते. म्हातारीला तेवढीच भीती! म्हणून तिनं थंड पाणी घेतलं. साबण चिमूटभर. तिन्ही खेळणी उशीच्या अभ्र्यात घातली, तोंडाला गाठ मारली आणि मशीन हळू फिरेल असं लावलं.

इथंच ती चुकली.

मशीन घरघरू लागलं.

आणि मग... खोकला.

बारीक. लहान मुलाचा.

ती झोळीकडे धावली. आप्पा गाढ झोपला होता. तोंड मिटलेलं.

खोकला मात्र चालूच. मोरीतून... मशीनमधून. एकामागून एक, आणि शेवटी श्वास ओढल्याचा तो लांब आवाज. तो आवाज ती जन्मात विसरली नव्हती.

तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं.

खोकला थांबला नाही.

तिनं झाकण उघडलं. सगळं गप्प झालं. अभ्रा बाहेर काढला. गाठ जशीच्या तशी, दातांनी सोडवावी लागली.

आत अस्वल. आत ससा.

कोकरू नव्हतं.

मशीनमध्ये नाही. मोरीत नाही. आणि मागून कुणीतरी खुदकन हसलं...

आप्पा जागा झाला होता. त्याच्या छातीवर कोकरू. कोकरू चिंब भिजलेलं, पोराचं झबलं मात्र कोरडं ठणठणीत.

बानाबाई ओरडली. म्हाळसाबाई धावत आली आणि कोकरू पाहून दाराशीच थांबली.

"आवडाचं जावळ हाय त्यात," ती म्हणाली. "बिरोबाला वाहायचं बोललं व्हतं. पुरायच्या आधी कापून घेतलं म्या. पन देवाला द्यायला हात झाला नाय. त्यात शिवलं."

"आन् माझ्या लेकराच्या हातात दिलं?"

"भावाजवळ ऱ्हाईल म्हनलं. आता जाय, नदीत सोडून ये. नाय तं ती याला बी घिऊन जाईल!"

बानाबाईनं कात्री घेतली. शिवण उसवली. लोकर बाजूला सारली...

दहा महिन्यांच्या पोरीचं जावळ ते केवढं? बोटभर. आतून निघाले ते केस हातभर होते. काळे, दाट. सहा वर्षांच्या मुलीचे असतात तेवढे.

म्हातारी "बिरोबा, बिरोबा" करत राहिली. बानाबाईची भीती कुठं गेली कोण जाणे. तिनं केस टिपले, तेल लावलं, फणीनं गुंता काढला, वेणी घातली.

"किती दिवस पोरगी तशीच ऱ्हायली," एवढंच म्हणाली. मग वेणी आत ठेवून पुन्हा शिवलं.

आप्पाचं पुरळ चार दिवसांत गेलं. आज तो तिशीचा आहे, वाळूजला नोकरी करतो. त्याला काही झालेलं नाही... अजून तरी.

कोकरू त्याच घरात आहे. दर रविवारी बानाबाई दार लावून शिवण उसवते.

मागच्या दिवाळीत त्या वेणीत पहिला पांढरा केस निघाला. ती दिवसभर रडली. रात्री सुनेला जवळ बसवून म्हणाली, "माझी आवडी बी आता पिकाया लागली. मी गेल्यावर तिची वेणी कोन घालील गं?"

सून उठून बाहेर गेली. तेव्हापासून ती कोकराच्या खोलीत पाऊल ठेवत नाही.