चौदाशे बारावं पॅकेज

भाग्यश्रीला एवढंच करायचं होतं, रक्तपेढीच्या वेबसाइटवरचा फोन नंबर बदलायचा. जुना नंबर सकाळपासून बंद होता आणि रक्तासाठी धावणारी माणसं तोच फिरवत बसली होती. पूर्वी हे दोन मिनिटांचं काम. पान उघडायचं, आकडा बदलायचा, चढवायचं. पण वेबसाइट बनवायच्या धंद्यातला तिचा भागीदार ऋतुराज यानं साइट नव्या टूलवर नेली, आणि आता पान तयार व्हायच्या आधी दुसऱ्यांनी लिहिलेल्या कोडची चौदाशेवर पॅकेजं उतरवावी लागत.

दुपारची वेळ. कसबा बावड्यातल्या ऑफिसात ती एकटीच होती. साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येऊन बसला होता. तिनं ऋतुराजला फोन लावला.

"एका नंबरासाठी एवढं? ह्यातलं निम्मं कशाला हाय रे?"

"मलाबी म्हाईत न्हाय. पर काढू नको काय. एक काढलंस की सगळं बसतंय. मी हातकणंगल्यात हाय, निघतोच गाडीवरनं."

स्क्रीनवर नावं सरकत राहिली. चौदाशे बाराव्या नावाशी सगळं थांबलं.

संयोगिता.

त्यांची तिसरी भागीदार. दीड वर्षापूर्वी हातकणंगल्याच्याच रस्त्यावर अपघातात गेलेली. तिचा मृतदेह ओळखायला भाग्यश्रीच गेली होती.

पॅकेज सांभाळणारी म्हणून तिचं एकटीचं नाव. शेवटचा बदल आजचा, तीन पंचावन्नचा.

भाग्यश्रीनं ती वेळ पुन्हा वाचली. तिनं ते पॅकेज काढलं, टूल अडलं. परत घातलं, पुढं सरकलं. शेवटी तिनं आतली फाइल उघडली. कोड नव्हताच. एकच ओळ होती.

'भागे, ऋतुराजला गाडीवर बसू देऊ नको.'

चार वाजून सहा मिनिटांनी तिनं पुन्हा फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"ऋतुराज... कुठं हायस?"

"रस्त्यातच."

"गाडी कडंला घे. काय विचारू नको... थांब नुसता."

"थांबलोय की मघाशीच," तो शांतपणे म्हणाला. मागं एकाही गाडीचा आवाज नव्हता.

वाचला. तिला रडू फुटलं. डोळे पुसत तिनं पॅकेजचं पान ताजं केलं. सांभाळणाऱ्यांत आता दोन नावं होती. संयोगिताच्या खाली ऋतुराज. नाव जोडल्याची वेळ, चार वाजून दोन मिनिटं.

तिनं फोन पुन्हा कानाला लावला. कॉल चालूच होता.

"ऋतुराज...?"

पलीकडं कुणीतरी कीबोर्डवर सावकाश टाइप करत होतं.