किनारीवरची उलटी अक्षरं

मास्तर जिन्याच्या पायथ्याशी पालथे पडले होते. जीव गेला होता, तरी उजवी मूठ सुटत नव्हती.

इन्स्पेक्टर बाईंनी एकेक बोट सोडवलं. आत चांदीचं जुनं नाणं निघालं.

"पाय घसरला असणार," मुलगा म्हणाला. तो दातांच्या कवळ्या बनवायचा. जिना चढून गेलं की त्याची कामाची खोली. "मी बाहेर होतो. आलो तर हे असं!"

"आणि आई?"

"मावशीकडे. आत्ताच आली."

नाण्यांचं कपाट शाबूत होतं. मखमली खणांत सात नाणी, आठवा खण रिकामा. आदल्या दिवशी एक व्यापारी नाण्यांवरून हुज्जत घालून गेला होता, पण तो तेव्हापासून परगावीच असल्याची खात्री पटली.

आई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसली होती.

"मास्तरांना दिसायचं का?"

"कुठलं! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू."

"मग नाणी कशी बघायचे?"

"नखानं. म्हणायचे, चेहरे काय, आठही सारखेच. खरी गंमत कडेला. टाकसाळीत कडेची अक्षरं आधी उमटवायचे, राजाचा छाप मागून. म्हणून काही नाण्यांवर अक्षरं सुलटी, काहींवर उलटी. एकावर तर एक अक्षर दोनदा उमटलंय. जेवतानाही हेच पुराण! वैताग यायचा हो मला." तिनं पदर तोंडाला लावला.

"जिना चढायचे?"

"छे! गुडघे पार गेले होते. वर्षभरात वर गेले नाहीत."

बाईंनी मुठीतल्यासकट आठही नाणी खिडकीपाशी नेली, भिंगाखाली एकेक फिरवलं आणि मायलेकांना बोलावलं.

"चोरी झालीय," त्या म्हणाल्या. "आठही नाण्यांची अक्षरं सुलटी आहेत. दोनदा उमटलेलं अक्षर कुठंच नाही. उलट आठही नाण्यांवर एकाच अक्षराला एकच खोच आहे, आणि कडेभोवती बारीक रेघ. साच्याचे दोन भाग जुळतात तिथं पडते तशी. एका नाण्यावरून आठ ओतलीत. या घरात साचे कोण करतं?"

बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही चेहरे हुबेहूब उतरवलेत. कडा सारख्या नसतात हे रोज कानावर पडूनही तुमच्या गावी नव्हतं. मास्तरांचं नख फिरलं आणि त्यांना कळलं. ज्या माणसानं वर्षभर पायरी चढली नाही, तो ते नाणं मुठीत धरून वर गेला. कुणाला जाब विचारायला? म्हणजे तुम्ही वरच होतात."

"खरी कुठंयत रे?" आईनं विचारलं.

"वितळवून चांदी विकली. अख्खी विकली असती तर ओळखली गेली असती. नवी भट्टी घ्यायची होती. ते एकही विकू देईनात." तो आईकडे वळला. "त्यांनी कॉलर धरली माझी. मी नुसता हात झटकला, आई."

आठांतलं एकही परत येणार नव्हतं. बाईंनी हवालदाराला खूण केली. आई मात्र वाटेतून हलेना.

"लगेच गेले का रे ते?"

"नाही. हाका मारत होते."

"कुणाला?"

"मला," तो म्हणाला. "मी दार लावून घेतलं."